मृगाआधी वायपरची मोटार उतरवा: जुन्या मारुती ८०० साठी घरच्या घरी करायचं काम

आषाढातली संध्याकाळ होती. रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना साखरपा मागे पडलं, आंबा घाटाची चढण लागली आणि पाऊस असा कोसळू लागला की बॉनेटचं टोक दिसेना. त्यातच काकांच्या मारुती ८०० चा वायपर काचेच्या मधोमध थांबला. काकूंनी खिडकीतून हात बाहेर काढून पंचाने काच पुसायची आणि काकांनी पहिल्या गिअरमध्ये गाडी चढवायची, असं करत आम्ही आंब्याला पोचलो. मी मागे बसलो होतो. दरीच्या बाजूच्या त्या वळणांवर काकांच्या हातांकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजमध्ये मोटार गेली म्हणून सांगितलं आणि बाजारातली स्वस्त नवी मोटार बसवून दिली. ती एक पावसाळा चालली. मग जुनी मोटार पोत्यातून काढून मी पहिल्यांदा उघडली. आतली वायंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तांब्याची तार, शाबूत होती. ग्रीस मात्र थिजलेल्या काकवीसारखं झालं होतं, एक कार्बन (फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारा छोटा ठोकळा) आपल्या खोबणीत अडकून बसला होता आणि अर्थिंगच्या जागी, म्हणजे जिथून वीज गाडीच्या पत्र्यात परत जाते तिथे, गंजाचा थर होता. साफ केली, रंगवली, परत बसवली. त्यानंतर सहा पावसाळे झाले, त्याच मोटारीवर गाडी चालते आहे. वायपरची मोटार सहसा जळत नाही. ती गंजते, वाळते आणि अडकते. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर हे हमखास होतं. म्हणून ती फेकण्याआधी एक रविवार तिला द्या, आणि तो मृग नक्षत्र निघण्याआधीचा, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधीचा असू द्या.

इथली माहिती मारुती ८०० समोर ठेवून लिहिली आहे, कारण तिची मोटार बॉनेट उघडताच समोर दिसते. स्विफ्टसारख्या नंतरच्या गाड्यांत मोटार आणि लिंक (मोटारीला वायपरच्या हातांशी जोडणारी दांडी) काचेखालच्या जाळीच्या आत असतात. तिथे आधी वायपरचे हात आणि ती जाळी काढावी लागते. मोटार उघडून साफ करायची रीत तीच.

आत काय असतं, ते आधी समजून घ्या

मोटारीचे दोन भाग. मागचा पत्र्याचा डबा आणि पुढची ओतीव धातूची गिअरपेटी. डब्यात आतून चुंबकं चिकटवलेली असतात आणि त्यांच्या मधे तार गुंडाळलेला भाग, म्हणजे आर्मेचर, फिरतं. आर्मेचरच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे कापलेले असतात, ते गिअरपेटीतलं मोठं दातेरी चाक फिरवतात. चाकाच्या दांड्यावर बाहेरून एक छोटा हात असतो, त्याला क्रँक म्हणू. तो गोल फिरतो, लिंकला पुढेमागे ढकलतो आणि काचेवर ब्लेड डावीउजवीकडे फिरते.

दोन गती असलेल्या मोटारीत कार्बन तीन असतात. समोरासमोरच्या दोघांवर ती हळू चालते. तिसरा थोडा कोनात सरकवून बसवलेला असतो, त्याच्यावर जोरात.

या सगळ्यात मला सर्वांत हुशार वाटतो तो पार्किंगचा भाग. दातेरी चाकावर पत्र्याची एक चकती असते आणि तिच्यावर बारीक पट्ट्या घासत असतात. तुम्ही वायपर बंद केला तरी या पट्ट्या मोटारीला वीज देत राहतात. ब्लेड खाली पोचली की चकतीतला खाचेचा भाग येतो, वीज तुटते आणि लगेच आर्मेचरची दोन्ही टोकं अर्थला जोडली जातात. त्यामुळे मोटारीला ब्रेक लागतो आणि ब्लेड जिथल्या तिथे थांबते. तुमची ब्लेड बंद केल्यावर घरंगळत पुढे जाते किंवा मधेच राहते, तर संशय या पट्ट्यांवर आणि अर्थिंगवर घ्या.

१. आधी दोषी कोण, ते ठरवा

काच ओली करा. कोरड्या काचेवर वायपर चालवून केलेला कोणताही निष्कर्ष खोटा ठरतो, शिवाय रबर फाटतं ते वेगळंच. मग चावी फिरवून वायपर लावा आणि कान द्या.

मोटारीचा आवाजच नाही, तर पहिला फ्यूज. गेलेला असेल तर फ्यूजबॉक्सच्या झाकणावर लिहिलेल्या अँपिअरचाच नवा टाका. जास्तीचा टाकू नका, तारेचा तुकडा तर अजिबात नको. फ्यूज ठीक असेल तर मोटारीचा कनेक्टर काढून मल्टिमीटरने (वीज मोजायच्या यंत्राने) बारा व्होल्ट येतात का पाहा. येत असतील, तर एका जाड वायरीचं एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरं टोक मोटारीच्या उघड्या धातूला लावून कनेक्टर पुन्हा जोडा. मोटार पळाली तर दोष अर्थिंगचा. मोटार न उतरवताच निम्मं काम झालं.

आवाज येतो पण ब्लेड हलत नाही, तर क्रँकचा नट ढिला आहे किंवा लिंकच्या जोडातली प्लास्टिकची नळी, म्हणजे बुश, गळली आहे.

हळू चालते, कण्हत चालते, पाचेक मिनिटांनी थांबते आणि थंड झाल्यावर परत चालते, तर तिच्यावर ताण पडतो आहे. काही मोटारींच्या आत तापल्यावर वीज तोडणारी पट्टी असते, ती आपलं काम करत असते. ताण बाहेरून येतो की आतून, हे मोटार लिंकपासून सुटी केल्याशिवाय कळत नाही. ते चौथ्या टप्प्यात पाहू.

एक गोष्ट कधीच करू नका: मोटार जोडलेली असताना वायपरचा हात धरून जोराने फिरवणं. आट्यांवरचं चाक उलट्या बाजूने फिरत नाही. चाकाचे दात तुटतात किंवा हाताच्या आतली खाच घासली जाते.

२. सामान

हे सगळं आधी एका ताटात काढून ठेवा: ८, १० आणि १२ चे पाने किंवा गोटी पाने, चपटा आणि फुलीचा स्क्रूड्रायव्हर, पकड, मल्टिमीटर, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रश धुवायला थोडं रॉकेल, जुना टूथब्रश, तारेचा ब्रश, १२०, २२० आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मास्किंग टेप, रेड ऑक्साइड प्रायमर, काळा सॅटिन स्प्रे, चांगलं लिथियम ग्रीस, सिलिकॉन सीलंट, हातमोजे, आणि चाचणीसाठी फ्यूज लावलेल्या दोन वायरी. मोबाइल खिशात नको, हाताशी ठेवा. प्रत्येक नट सोडण्याआधी एक फोटो काढायचा आहे.

नवे कार्बन आधीच घेऊन ठेवू नका. उघडल्यावर माप घेऊन, जुना कार्बन नमुन्याला नेऊनच घ्या. मोटार खरोखर गेलीच असेल, तर पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत कुर्ला इथे जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. जाताना जुनी मोटार सोबत न्या. बोल्टची भोकं, क्रँकचा दांडा आणि कनेक्टरच्या पिना, तिन्ही जुळवूनच पैसे द्या. काकांच्या गाडीला बसवलेल्या त्या स्वस्त मोटारीचा कनेक्टर कापून वायरी पिळून जोडल्या होत्या, आणि पावसाचं पाणी नेमकं तिथेच शिरलं.

३. पार्क करा, खूण करा, मग बॅटरी सोडा

हा टप्पा लोक गाळतात आणि शेवटी रडतात. वायपर चालवा, दांडीवरून बंद करा आणि ब्लेड आपोआप खाली येऊन थांबू द्या. चावीने बंद केलात तर ब्लेड वाटेत कुठेही थांबेल. थांबलेल्या ब्लेडच्या कडेने काचेवर मास्किंग टेपची पट्टी लावा. परत बसवताना हीच तुमची खूण.

मग बॅटरीचं ऋण टोक सोडा. मोटार पार्किंगच्या वीजेवर अचानक फिरू शकते आणि लिंकमध्ये सापडलेलं बोट ती सोडत नाही.

४. मोटार उतरवणे

कनेक्टरची खिट्टी दाबून तो सरळ ओढा. वायरी धरून ओढू नका, जुन्या प्लास्टिकची खिट्टी लगेच तुटते. मोटारीचे बोल्ट फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या, पत्र्यात बसलेले असतात. गंजलेले दिसले तर आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. जोर करण्याआधी बोल्ट थोडा घट्ट करून बघा, मग सोडा. गंज असा मोकळा होतो. नुसता उलटा जोर लावला तर बोल्टाचं डोकं हातात येतं आणि मग ड्रिल मारायची वेळ येते.

बोल्ट निघाले की मोटार हळूच पुढे ओढा. मागे क्रँक आणि लिंकचा जोड दिसेल. लिंकचा गोळा बुशमधून चपट्या स्क्रूड्रायव्हरने अलगद उचकटता येतो. क्रँक मोटारीवरून काढायचाच असेल, तर आधी दांड्यावर आणि क्रँकवर एकाच रेषेत ओरखडा काढा. ही रेष चुकली तर ब्लेड काचेच्या बाहेर जाऊन खांबावर आपटते.

मोटार आणि पत्र्यामधला रबर जपून ठेवा. तो टाकला तर पाणी थेट तुमच्या पायांवर गळेल, आणि मोटारीची थरथर सगळ्या गाडीत ऐकू येईल.

आता ती महत्त्वाची परीक्षा. मोटार सुटी आहे, तर वायपरचे हात काचेपासून उचलून हाताने फिरवा. लोण्यासारखे फिरले पाहिजेत. जड लागले तर दोष दांड्यांचा आहे, मोटारीचा नाही: वायपरचे हात ज्या दांड्यांवर बसतात ते आपल्या नळीत गंजून आवळले गेलेत. नट काढून त्यांच्या मुळाशी स्प्रे मारा, फिरवत राहा, पुसा आणि मग ग्रीस भरा. मोटारीवर कितीही मेहनत घेतली आणि हे दांडे तसेच ठेवले, तर दोन महिन्यांत पुन्हा तीच रडकथा.

५. मोटार उघडणे

सुरुवातीलाच पत्र्याचा डबा आणि गिअरपेटी यांच्या जोडावर खडूने नको, टोच्याने आडवी रेघ मारा. डबा अर्धा फिरवून उलटा बसला तर चुंबकांची बाजू बदलते आणि मोटार उलटी फिरू लागते. मग पार्किंग कधीच जुळत नाही. मी एकदा ही रेघ मारायला विसरलो आणि अख्खी दुपार वायरी तपासत बसलो.

आधी गिअरपेटीचं झाकण काढा. ग्रीस कितीही घाण दिसलं तरी पट्ट्या कुठे टेकतात याचा फोटो पुसण्याआधी घ्या. मग डब्याचे लांब स्क्रू सोडा. चुंबक आर्मेचरला धरून ठेवतं, म्हणून डबा एका झटक्यात सुटतो. बोटं कडेपासून लांब ठेवा. काही मोटारींत दांड्याच्या टोकाला छोटी पोलादी गोळी असते. खाली पांढरा कपडा अंथरलेला असेल तर ती सापडते. डबा आपटू देऊ नका. आतली चुंबकं चिनीमातीसारखी ठिसूळ असतात, एक टवका उडाला तरी तो आत घासत राहतो.

आर्मेचर कार्बनच्या मधून बाहेर येताच स्प्रिंगमुळे तिन्ही कार्बन आत उडी मारतात. घाबरू नका, ते तसेच असतात.

६. साफसफाई

कार्बन आपल्या खोबणीत सहज पुढेमागे सरकले पाहिजेत. बोटाने दाबून सोडा. रेंगाळला तर खोबण कोरड्या टूथब्रशने साफ करा. स्प्रिंग खोबणीच्या टोकापर्यंत आली असेल किंवा कार्बनची वायर कम्युटेटरला घासू लागली असेल, तर कार्बन संपले.

कम्युटेटर म्हणजे आर्मेचरवरची तांब्याच्या पट्ट्यांची बांगडी. ४०० नंबरच्या पेपरची पट्टी तिच्याभोवती गुंडाळा आणि आर्मेचर फिरवा. काळपट थर जाऊन चिंच लावून घासलेल्या तांब्यासारखा रंग आला की थांबा. एमरी वापरू नका, तिचे कडक कण तांब्यात रुततात आणि पुढे कार्बन खात राहतात. मग पट्ट्यांच्या मधल्या फटी बारीक पात्याने कोरा. त्यांत कार्बनची पूड भरून राहिली तर दोन पट्ट्या आपसांत जुळतात आणि मोटार गरम होते. मल्टिमीटरने तांब्याची पट्टी आणि आर्मेचरचा दांडा यांच्यात जोड दिसला नाही पाहिजे. दिसला, तर वायंडिंग गेली. तिथे थांबा आणि दुसरी मोटार शोधा.

गिअरपेटीतलं जुनं ग्रीस लाकडी काडीने खरवडा, उरलेलं रॉकेल लावलेल्या ब्रशने पुसा. मोटारीच्या आत पेट्रोल नको. त्याची वाफ कोपऱ्यांत राहते आणि कार्बनची पहिली ठिणगी पडली की भडका उडतो. रॉकेलसुद्धा वायंडिंगला लागू देऊ नका. पार्किंगच्या पट्ट्या वाकवू नका, फक्त त्यांची टोकं आणि चकती चमकेपर्यंत पुसा.

दांडा बुशमध्ये डावीउजवीकडे हलत असेल, तर बुश झिजला. कोल्हापूरला उद्यमनगरात लेथवाल्याने जुन्याच्या मापाने पितळी बुश काढून दिला होता. तुमच्या गावातही एखादा लेथ असेलच.

७. गंज काढून रंग

हे काम दिसण्यापुरतं नाही. डब्याच्या पत्र्याला आरपार भोक पडलं की पाणी थेट आर्मेचरवर जातं.

रंगाआधी चुंबकं वाचवायची आहेत. डब्याचं तोंड आणि बुश टेपने पूर्ण बंद करा, नाहीतर तारेच्या ब्रशने निघालेली लोखंडाची पूड चुंबकाला अशी चिकटते की काढता काढता दिवस जातो. मग तारेचा ब्रश, त्यानंतर १२० आणि २२० चा पेपर, खड्ड्यांत फॉस्फरिक ॲसिडवालं रस्ट कन्व्हर्टर. हातमोजे घाला. ते सुकलं की थिनरच्या फडक्याने पुसा आणि प्रायमरचे दोन पातळ हात द्या. त्यावर काळ्या रंगाचे दोन किंवा तीन. जाड एक हात देण्याचा मोह आवरा, ओघळ येतात आणि तिथूनच पापुद्रे सुटतात. एप्रिल-मेचं कोरडं ऊन याला उत्तम. दमट हवेत सॅटिन रंगावर पांढुरकी झाक येते.

गिअरपेटी ओतीव असते, ती नुसती घासून स्वच्छ ठेवली तरी चालते.

बोल्ट आणि वॉशर रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत ठेवा, सकाळी ब्रशने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा आणि लगेच पुसून तेलाचा हात द्या.

तीन जागा रंगवायच्या नाहीत. अर्थिंग जिथे टेकतं ती, डबा गिअरपेटीला टेकतो ती कडा, आणि पाणी निचरायचं बारीक भोक. ते भोक बुजलं तर आत साठलेल्या वाफेचं पाणी होतं आणि मोटार आतून गंजते. रंगवलेल्या मोटारी चालत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा अर्थिंगच्या जागेवरचा तोच सुंदर काळा रंग असतो.

८. जोडणी

बुशवर मशीन ऑइलचा एकच थेंब. गिअरच्या दातांत आणि आट्यांत ग्रीस भरपूर, पार्किंगच्या चकतीवर अगदी पातळ, कम्युटेटरवर शून्य.

तिन्ही कार्बन मागे दाबून धरायला हात पुरत नाहीत. जाड कागदाची नळी करून ती कार्बनच्या मधे सरकवा, आर्मेचर तिच्यातून आत घाला आणि मग नळी ओढून काढा. डबा बसवताना चुंबक आर्मेचरला खेचून बाहेर काढतं, म्हणून गिअरपेटीकडून दातेरी चाक बोटाने धरून ठेवा. रेघेला रेघ जुळवा आणि लांब स्क्रू आळीपाळीने आवळा.

मोटारीला टोकाचा खेळ (दांडा पुढेमागे किती हलेल ते) ठरवणारा स्क्रू असेल, तर तो टेकेपर्यंत आवळून पाव फेरा मागे घ्या आणि नट लॉक करा. झाकणाच्या कडेला सीलंटची बारीक रेघ, इतकी की आत गळणार नाही.

९. टेबलावर चाचणी

मोटार शिकंज्यात पकडा किंवा कपड्यात गुंडाळून घट्ट धरा. सुरू होताना ती झटका देते. फ्यूजवाल्या वायरींनी बॅटरी जोडून हळू आणि जलद, दोन्ही गती चालवा. पाच मिनिटं चालू द्या. आवाज एकसारखा हवा, डबा कोमट झाला तर ठीक, चटका बसू नये. कार्बनच्या बाजूला जळका वास आला तर उघडून पुन्हा फटी बघा.

१०. गाडीत बसवणे

क्रँक लावण्याआधी मोटार गाडीच्या कनेक्टरला जोडा, तिच्या उघड्या धातूला वायरीने अर्थ द्या, बॅटरी लावा, वायपर चालवून दांडीवरून बंद करा. मोटार आता खऱ्या पार्क जागी थांबली. बॅटरी पुन्हा सोडा, ओरखड्याला ओरखडा जुळवून क्रँक बसवा, लिंकचा गोळा बुशमध्ये ग्रीस लावून दाबा. रबर, मोटार, बोल्ट, आणि अर्थिंगच्या जागी उघडा धातू. वायपरचे हात टेपच्या खुणेवर ठेवून नट आवळा. निचऱ्याचं भोक खालीच आलं आहे ना, हे बोट फिरवून पाहा.

मग नळीने काचेवर पाणी सोडून चालवा, आधी हळू, मग जलद, मग बंद. ब्लेड खुणेवर येऊन थांबली की टेप काढा.

गाडीला पंधरा वर्षं होत आली असतील तर हे काम आरटीओत जाण्याआधी उरका. खासगी गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांसाठी होतं, त्यासाठी फॉर्म २५ भरावा लागतो आणि गाडी तपासायला न्यावी लागते. वायपर चालला पाहिजे हे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्येच आहे. मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पर्यावरण कर भरल्याची पावती सोबत ठेवा.

पहिल्या मोठ्या पावसानंतर आठवड्याने बॉनेट उघडून क्रँकचा नट आणि मोटारीचे बोल्ट पुन्हा एकदा पान्याने तपासा. नव्या रंगावर आवळलेला बोल्ट बसताना थोडा ढिला होतो. आणि डिकीत १० चा पाना, फ्यूज आणि एक कोरडा पंचा टाकून ठेवा.